कल्याणचा बिशप आणि डांबर लावलेलं खापर

इसवी सन ५५०च्या आसपास कल्याणला एक बिशप होता. हो, तेच कल्याण, जिथे नाशिकचे लोक पंचवटी एक्सप्रेसमधून उतरून लोकल पकडतात. गेल्या डिसेंबरात कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर नेहमीचा फॉरवर्ड आला होता, की ख्रिस्ती धर्म इथे आला तो पोर्तुगीजांच्या तलवारीबरोबर आणि इंग्रजांच्या शाळांबरोबर, त्याआधी शून्य. त्यावर मी हे एक वाक्य टाकलं. एकाचं उत्तर आलं, "मिशनऱ्यांनी लिहिलेला इतिहास." दुसरं उत्तर एका ख्रिस्ती मित्राचं, खासगीत, "बिशप काय घेऊन बसलास, पहिल्या शतकात खुद्द संत बार्थोलोम्यू आले होते कल्याणला!"

माझं भांडण दोघांशीही आहे.

आधी पुरावा बघू. कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा एक व्यापारी होता. सहाव्या शतकाच्या मध्याला त्याने ग्रीकमध्ये 'ख्रिश्चन टोपोग्राफी' लिहिलं. पृथ्वी गोल नसून पेटीसारखी आहे, हे सिद्ध करायला लिहिलेलं पुस्तक. अशा माणसावर विश्वास का ठेवायचा? मलाही आधी हेच वाटलं. पण भूगोलाचा सिद्धांत चुकलेला माणूस बंदरांची यादी बरोबर देऊ शकतो. आमच्याकडे डिझाइन डॉक्युमेंट थापांनी भरलेलं असतं, पण सर्व्हरचे लॉग खरं बोलतात, तसं.

कॉस्मस सांगतो की सिलोनात ख्रिस्ती लोक आहेत, मिरीच्या मुलखात, म्हणजे मलबारात आहेत, आणि 'कल्लियाना'त तर इराणमध्ये दीक्षा घेतलेला बिशप आहे. आता हे वाक्य लिहिण्यात त्याचा स्वार्थ होता. सुवार्ता जगभर पोचली, हे त्याला दाखवायचं होतं. शिवाय तो स्वतः इथे आला होता की नाही, यावरही वाद आहे. म्हणून मी त्याच पुस्तकातल्या दुसऱ्या जागेला जास्त किंमत देतो. तिथे धर्माचा विषयच नाही, नुसती बंदरं आहेत: सिंधू, मग ओर्होथा म्हणजे सौराष्ट्राची बाजू, मग कल्लियाना, मग सिबोर म्हणजे चौल, आणि त्यानंतर मलबारची पाच बंदरं. कल्लियानातून तांबं, शिसवी लाकूड आणि कापड निघतं. कल्लियाना म्हणजे केरळातलं कोल्लम, असं म्हणणारे अभ्यासक होऊन गेलेत. पण उत्तरेकडून दक्षिणेकडे येणाऱ्या यादीत चौलच्या आधी कोल्लम कसं येईल? हे आपलं उल्हास खाडीवरचं कल्याणच.

आता पहिल्या मित्राकडे येतो. हा बिशप युरोपातून आलेला नव्हता. तो इराणच्या चर्चचा, सिरियाक भाषेत उपासना करणाऱ्या पंथाचा. सासानी साम्राज्यात राजधर्म जरथुश्त्री, ख्रिस्ती लोक तिथे अल्पसंख्य. त्यांचे व्यापारी समुद्रमार्गे फिरायचे आणि त्यांच्या मागोमाग पुरोहित यायचे. सातव्या शतकात या चर्चचा प्रमुख इशोयाब तिसरा याने रेव अर्दाशीरच्या धर्माध्यक्षाला पत्र लिहून झापलंय, की तुमच्या बंडखोरीमुळे भारतातल्या ख्रिस्ती लोकांना बिशप मिळत नाहीत. म्हणजे ही एक चालू, कटकटींनी भरलेली व्यवस्था होती. गोव्यात आगशीला झुआरीकाठी २००१ साली पहलवी अक्षरं कोरलेला क्रूस सापडला, तोही याच जगातला. पारशांची दुधात साखरेची गोष्ट आपण शाळेत कौतुकाने सांगतो. त्याच समुद्रातून, त्याच इराणातून, त्यांच्या आधी आलेल्यांची मात्र दोन ओळींतही दखल नाही.

आणि दुसरा मित्र. बार्थोलोम्यूची गोष्ट सांगतो युसेबियस, चौथ्या शतकाच्या सुरुवातीला. तीही ऐकीव. पँटिनस नावाचा अलेक्झांड्रियाचा विद्वान 'इंडिया'ला गेला आणि बार्थोलोम्यूने ठेवलेलं मत्तयाचं शुभवर्तमान त्याला तिथे सापडलं म्हणे. त्या काळच्या लेखकांचा 'इंडिया' कधी दक्षिण अरबस्तान असायचा, कधी इथिओपिया. युसेबियस कल्याणचं नावही घेत नाही. संत थॉमसच्या सिरियाक कथेत गुंदफर राजा येतो. तो काल्पनिक वाटायचा, पण एकोणिसाव्या शतकात त्याची नाणी सापडली. लगेच लोक म्हणाले, बघा, थॉमस आला होता! नाण्यांनी राजा सिद्ध झाला, पाहुणा नाही.

दोघांचाही सगळा भर शब्दांवर आहे, वस्तूंकडे कुणी बघत नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीतला ब्राँझचा पोसायडन म्हटलं की आपण खूश, कारण तो देखणा आणि रोमशी जोडलेला. पश्चिम किनाऱ्यावर उत्खननात परदेशी खापर मिळालं की 'रोमन अँफोरा' लिहून मोकळं व्हायची सवयच होती. रॉबर्टा टॉम्बर या संशोधक बाईंनी ती खापरं पुन्हा तपासली, तर त्यातली बरीच इराण-मेसोपोटेमियाकडची निघाली. टॉर्पेडो जार म्हणतात त्यांना. लांबोडका, बिनकानांचा रांजण, आतून नैसर्गिक डांबराचा थर, म्हणजे आतला द्रव झिरपत नाही. घारापुरीला ती आहेत, संजाणलाही आहेत. खापरावर धर्म लिहिलेला नसतो, हे मान्य. पण कॉस्मसच्या बिशपला आणणारी जहाजं काय वाहत होती, ते या डांबरात आहे.

कुणी म्हणेल, एवढा आटापिटा कशाला? कारण हा वाद इतिहासाचा राहिलेलाच नाही. 'आधी कोण आलं' यावरून शरणपूरला राहणाऱ्या माझ्या मित्राला घरचा की पाहुणा ते ठरवलं जातं, आणि तोही त्याच सापळ्यात शिरून पहिल्या शतकाची पावती शोधतो. त्याच्या घराण्याचा कल्याणच्या बिशपशी काडीचा संबंध दाखवता येणार नाही. ती वस्ती विरून गेली. पण पावती हवीच कशाला? पांडवलेण्यांत १७ नंबरच्या लेण्यावर नाव आहे इंद्राग्निदत्ताचं: धम्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा योनक. परका माणूस, आईवडिलांच्या पुण्यासाठी आपल्या डोंगरात लेणं खोदून गेला. त्याला कुणी कागदपत्रं मागत नाही. आपण त्याच्यासमोर सेल्फी काढतो.

मला कल्याणबद्दल एकच मागणी करायची आहे. खाडीकडच्या जुन्या भागात इमारतींचे पाये खणले जातात आणि माती डंपरमधून निघून जाते. त्या खड्ड्यांशी पुरातत्त्वाचा एखादा विद्यार्थी तासभर उभा राहिला तरी चालेल. तुमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट सुरू असेल तर तुम्हीही बघा. जाडसर खापर, बाहेरून मातकट, आणि आतल्या बाजूला काळा, तडकलेला थर. फोटो काढा, जागा लिहून ठेवा, आणि खापर धुऊ नका.