खेळ सैतानाचा, डोकं आपलं!

खोलीत अंधार, संगणकाच्या पडद्यावर सैतान, आणि त्यापुढे आपलं लेकरू टक लावून बसलेलं! असं दिसलं की कुठल्याही आईच्या पोटात गोळा यायचाच. 'बंद कर आधी ते!' हे शब्द अगदी ओठांवर येतात. पण मैत्रिणींनो, जरा दमानं घ्या. शेजारी बसून एकदा पाहा तरी, मूल करतंय काय ते.

'पोनी आयलंड' हाच खेळ घ्या. कॅनडातल्या डॅनियल मलिन्स यांनी तो २०१६ साली आणला. नाव गोड, त्यातलं शिंगरूही गोंडस. पण हा खेळ म्हणे सैतानानं रचलेला, आणि खेळणारा त्यात अडकलेला! नुसत्या शिंगराला उड्या मारायला लावून सुटका होत नाही. यंत्राच्या पोटात शिरून तिथल्या आज्ञांची वाटच बदलावी लागते.

घाबरू नका, संगणकाच्या आज्ञा म्हणजे पाककृतीच की! एकीखाली एक ओळ, आणि त्याच क्रमानं कृती. 'मीठ घाला' ही ओळ दोनदा पाळली तर आमटी खारट, गाळली तर अळणी. या कोड्यांतही एक खूण ओळींमधून खाली उतरत असते. आपण बाण योग्य जागी ठेवला की ती शेजारच्या रांगेत वळते, नको ती आज्ञा टळते आणि अडलेलं दार उघडतं. संगणकाची भाषा यायलाच हवी असं नाही. ओळ नीट वाचायची आणि पुढे काय होईल याचा अंदाज बांधायचा, बस्स.

याच खेळात एक राक्षस प्रश्न विचारतो, आणि लक्ष उडावं म्हणून मित्राच्या नावानं खोटा निरोप पडद्यावर झळकतो. भले भले तिथे फसतात! 'तुमचं खातं आजच बंद होईल' असा निरोप मोबाईलवर येतो, तेव्हा आपली हीच गत होते ना? पडद्यावर दिसलं ते खरंच, असं नव्हे, हे मुलाला खेळता खेळता कळलं तर वाईट काय?

मात्र पथ्यं पाळा. भित्र्या नि लहान मुलांना हा खेळ नको. खोलीत दिवा हवा, वेळ ठरलेली हवी. आणि खेळून झाल्यावर 'आजचं कोडं मला समजावून सांग बरं' म्हणा. त्याला सांगता आलं, तर त्यानं डोकं चालवलं. नाही आलं, तर नुसतीच बटणं बडवली!