पाणी जमिनीमागे की माणसामागे?

नाथसागर भरला की मराठवाड्यातील वृत्तपत्रांत धरणाच्या दरवाजांतून झेपावणाऱ्या पाण्याची छायाचित्रे झळकतात; चार-सहा महिने उलटले की त्याच पानांवर टँकरभोवतीच्या हंड्यांच्या रांगा दिसू लागतात. या दोन चित्रांत काही विसंगती आहे असे वाचकाला वाटेनासे झाले, हे या प्रदेशाचे खरे दुर्दैव होय. पावसाने दगा दिला, एवढ्या एका वाक्यात टंचाईची मीमांसा आटोपली की मग कुणालाच जाब द्यावा लागत नाही.

पाऊस अपुरा आणि लहरी आहे, हे खरेच. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याची वार्षिक सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर. तीही मोजक्या दिवसांत कोसळून जाते. खाली काळा पाषाण. त्यात पाणी मुरते ते झिजलेल्या थरांत आणि भेगांत तेवढेच. परंतु ७०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर ७० लाख लिटर पाणी. यातले बरेचसे वाहून आणि उडून जाते असे धरले, तरी माणसाची आणि जनावराची तहान भागून उरेल इतके ते निश्चित आहे. तेव्हा हे पाणी कोणत्या नियमाने कुणाच्या वाट्याला जाते, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम शहर पाहू. जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. साठवण क्षमता १०२ टीएमसीहून अधिक. शहर धरणापासून अवघ्या पन्नासेक किलोमीटरवर, पण १०० मीटरहून अधिक उंचीवर. त्यामुळे प्रत्येक थेंब विजेच्या जोरावर चढवावा लागतो. २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांवर गेलेल्या या शहराने वर्षानुवर्षे चार-चार, पाच-पाच दिवसांआड नळाचे पाणी घेतले. त्यावर उपाय म्हणून 'समांतर जलवाहिनी'च्या नावाने पाणीपुरवठाच खाजगी कंपनीच्या हाती सोपवण्यात आला आणि २०१६ साली महापालिकेला तो करार रद्द करावा लागला. २०२० साली १,६८० कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले, पुढे तिचा खर्च २,७०० कोटींवर गेला. नळ कोरडा असतो तेव्हा बंगलेवाला आपल्या कूपनलिकेवर भागवतो. गुंठेवारीतला मजूर मात्र टँकर विकत घेतो आणि लिटरमागे नळधारकापेक्षा कितीतरी जास्त दाम मोजतो. पाणी जितके दुर्मिळ तितका गरिबाचा दर चढा, असे हे अर्थशास्त्र आहे.

याच शहरात सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने डोंगरपायथ्याचे झरे भुयारी नहरींनी गावात आणले. केवळ उताराच्या बळावर ते पाणी वाहत असे. मलिक अंबर काही समाजवादी नव्हता. पण हौदावर पाणी भरणाऱ्याची जमीनजुमला किती, हे त्याच्या नहरीने विचारले नाही. त्या नहरींचा मोठा भाग आपल्याच पिढ्यांनी बांधकामांखाली गाडला.

आता गोदावरीकडे वळू. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचा प्रश्न निघाला की दोन्हीकडचे पुढारी आपापल्या शेतकऱ्यांना रस्त्यावर उतरवतात. राज्य जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी समन्यायी वाटपाचा आदेश दिला आणि २०१६ साली उच्च न्यायालयाने ते तत्त्व उचलून धरले. त्यानुसार २०१८ आणि २०२३ साली, तंटेबखेडे होऊन का होईना, पाणी खाली आले. हा मराठवाड्याचा हक्कच आहे, त्याबद्दल तडजोड नाही. पण आलेले पाणी जाते कुठे? जलाशयाच्या काठचे पंप उसाला पाणी देतात आणि कालव्याच्या शेपटाकडचा परभणीचा शेतकरी पाळीची वाट पाहत बसतो. प्रदेशाच्या नावाने मिळवलेला न्याय वर्गाच्या दारात अडकतो, तो असा.

राज्यातील पीकक्षेत्राच्या ४ टक्क्यांहूनही कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे जवळपास ७० टक्के पाणी पितो, असे केंद्रीय कृषी खर्च व मूल्य आयोगाने नोंदवले आहे. यासाठी ऊसकऱ्याला शिव्या देणे सोपे असले तरी ते अन्यायाचे आहे. ज्वारी-तुरीचा हमीभाव कागदावर आणि उसाचा भाव कारखान्याच्या काट्यावर, अशी स्थिती असताना तो दुसरे काय करणार? उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय २०१७ साली झाला. ठिबकाने पाणी वाचते; पण वाचलेल्या पाण्यावर त्याच मालकाने आणखी दोन एकर ऊस लावला, तर शेजारच्या विहिरीला काय मिळाले? शेततळ्यांचेही तेच. पावसाचे वाहते पाणी अडवण्यासाठी ती योजली गेली. अनेक ठिकाणी मात्र प्लास्टिक अंथरून, कूपनलिकेचे पाणी उपसून ती भरली जातात आणि सर्वांचे भूजल एकाच्या तिजोरीत उघड्यावर वाळत पडते. उद्योगांबद्दल तर बोलायलाच नको: २०१६ च्या एप्रिलमध्ये, लातूरला रेल्वेने पाणी जात असताना, इथल्या मद्यकारखान्यांच्या पाण्यात कपात व्हावी म्हणून औरंगाबाद खंडपीठाला आदेश काढावा लागला.

बांधबंदिस्ती, पाणलोटाची कामे, गळक्या वाहिन्यांची दुरुस्ती, सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना देणे, छपरावरचे पाणी साठवणे, हे सारे झालेच पाहिजे. हजार चौरस फुटांच्या छपरावरून वर्षाला पन्नास हजार लिटर पाणी सहज मिळू शकते. परंतु साठवणीचा नियम बदलला आणि वाटणीचा बदलला नाही, तर साठलेले पाणीही ज्याचा पंप मोठा त्याचेच होणार.

वाटणीचा नियम बदलता येतो, हे पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर दाखवून दिले. त्यांच्या पाणी पंचायतीत पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळत नसे. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला कमाल अडीच एकर, एवढ्याच क्षेत्राला मिळे. भूमिहीनालाही वाटा होता. ऊस वर्ज्य होता. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नसे.

कायद्याने मात्र उलटी वाट धरली. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने लाभक्षेत्रात पाणीवापर संस्था आल्या, पण त्यांचे सभासदत्व जमीनधारकालाच. ज्याच्या नावावर सातबारा नाही असा मजूर आणि रोज पाणी वाहूनही जिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही अशी स्त्री, दोघेही या संस्थेच्या दाराबाहेर आहेत. जायकवाडीच्या लाभक्षेत्रातील कार्यकर्त्यांनी पुढच्या ग्रामसभांत तीन मागण्या लावून धराव्यात: रब्बीच्या पेरणीपूर्वी गावातील पाण्याचा ताळेबंद मांडला जावा, विहिरी, कूपनलिका व शेततळ्यांची नोंदवही चावडीवर उघडी ठेवावी, आणि पाणीवापर संस्थेचे सभासदत्व गावातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला मिळावे. पहिल्या दोन मागण्या ठरावाने मार्गी लागू शकतात. तिसरीसाठी विधिमंडळात दुरुस्ती विधेयक आणावे लागेल, आणि त्याला विरोध करणारे आमदार कोणत्या बाकांवर बसतात हे मतदानात उघड होईल.