संत्र्याचा ट्रक सीमेवर रिकामा का होतो?

आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे), आष्टी पट्ट्यात संत्र्याच्या बागा आहेत. विदर्भातल्या संत्र्याचं मोठं परदेशी गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. पण आपला ट्रक थेट ढाक्याला जात नाही. पेट्रापोल ओलांडलं की बेनापोलला माल उतरवून तिकडच्या ट्रकमध्ये भरतात. नाशवंत फळाला ही रांग आणि आदळआपट महागात पडते.

यावर 'टीआयआर' नावाची पद्धत आहे. माल निघतो तिथेच कस्टम्सचं सील लागतं, शुल्काची हमी आधीच दिलेली असते. वाटेतले देश एरवी माल न उघडता फक्त सील आणि कागद तपासतात. भारत २०१७ मध्ये यात सामील झाला. आपल्याकडे हमी देणारी संस्था फिक्की आहे. कोलकात्याहून नेपाळला जाणाऱ्या कंटेनरवर तर इलेक्ट्रॉनिक सील असतं. छेडछाड झाली की लगेच इशारा जातो.

मग अडतं कुठं? सील मालासाठी असतं. गाडी पलीकडे न्यायला वेगळा करार लागतो. भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतान यांनी तो १५ जून २०१५ ला थिंफूत केला, पण भूतानच्या मंजुरीअभावी रखडला. शिवाय बांगलादेशानं वाढवलेलं आयात शुल्क कुठलंच सील कमी करत नाही.

सिंदी (रेल्वे) इथल्या लॉजिस्टिक पार्कचा करार २०२१ मध्ये झाला. माझ्या मते तिथे कस्टम्स, शीतगृह आणि ई-सील एकाच आवारात मिळालं, तर अर्धं काम वर्ध्यातच उरकेल. उरलेलं अर्धं मात्र दिल्ली आणि ढाक्यानंच करायचं आहे.