माठावरचा पेला

उन्हाळा लागला की घरात पहिली जागा करावी लागते ती माठाला. नवा माठ दोन दिवस पाण्याने भरून ठेवावा, ते पाणी झाडांना घालावे, मग वापरायला काढावा, बाहेरून ओले फडके गुंडाळावे, हे तुम्हांला ठाऊकच आहे. आज बोलायचे आहे ते माठावरच्या पेल्याबद्दल. कितीतरी घरांत एक पेला माठावर असतो आणि दुसरा, जरा पोचे आलेला, मोरीच्या खिडकीत. तो कामाला येणाऱ्या बाईचा. तसा नियम कुणी मुद्दाम केलेला नसतो. सासूबाईंच्या वेळेपासून चालत आलंय, एवढंच!

आमच्या घरी रात्री प्रार्थनेच्या वेळी शुभवर्तमानातला थोडा भाग वाचतात. योहानाच्या चौथ्या अध्यायात शोमरोनी बाईची गोष्ट आहे. वाटेने थकलेला येशू भर दुपारी विहिरीपाशी बसलेला असतो. ही बाई घागर घेऊन येते आणि तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. ती चकितच होते. कारण यहूदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवीत नसत, मग त्यांच्या भांड्यातले पाणी पिणे तर दूरच. माझ्या मुलाने लगेच विचारले, "म्हणजे तिचा पेला वेगळा होता का गं?" आपल्याकडच्या मुलांना ही गोष्ट फोड करून सांगावी लागत नाही.

आणि आमच्या शहापूर-मुरबाडकडे तर पाण्याचे मोल निराळे सांगायलाच नको. तानसा तलाव आमच्याच शहापूर तालुक्यातला. १८९२ पासून त्याचे पाणी मुंबईला जाते. भातसा धरणही इथलेच. पण उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवरच्या बायका टँकरची वाट पाहतात. घरचे दोन हंडे भरून, उन्हातून चालत जी आपल्याकडे भांडी घासायला येते, तिच्या हातात आपण कोणता पेला देतो?

या प्रश्नाशी एक गृहिणी खरोखर झगडली होती. लक्ष्मीबाई टिळक. शहापूरहून कसारा घाट चढून नाशिकला गेले की जवळच त्यांचे माहेर जलालपूर. मुरबाडहून माळशेज चढून पलीकडे गेले की त्यांच्या संसाराचे नगर. माहेरी वडिलांचे सोवळे इतके कडक की बाहेरून आलेली जिन्नस धुऊन घ्यायची. १८९५ साली पती, कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि संसार मोडल्यासारखाच झाला. पुढे त्या पतीकडे राहायला आल्या, तरी आपले सोवळे आणि आपली चूल त्यांनी वेगळीच ठेवली होती. मग विचार करता करता त्यांना पटले, की जात देवाने केली नाही, माणसाने केली. तेव्हा कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे आधी बदलले ते स्वयंपाकघर! 'स्मृतिचित्रे' (१९३४ ते १९३७) वाचताना मला हेच फार मोठे वाटते.

ख्रिस्ती घरांत वेगळा पेला नसतो, असे मात्र समजू नका. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुतली गेली म्हणणारी घरेही सोयरीक जुळवताना आणि पाणी देताना ती आठवतात. आणि हा प्रश्न एकट्या ख्रिस्ती बायकांचा थोडाच आहे? २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते याच प्रश्नासाठी.

"अहो, पण स्वच्छता नको का?" असे कुणी म्हणेल. हवी ना! मग ती सगळ्यांना सारखी हवी. एकसारखे सहा पेले आणा. माठात बुडवायला लांब दांड्याचे ओगराळे वेगळे ठेवा. पाणी पिऊन झाले की पेला घासायला टाकायचा, मग तो साहेबांचा असो की बाईंचा. घरात वडीलधारी माणसे असतील तर वाद घालू नका. पोचे आलेला पेला मोडीत द्या आणि गप्प बसा. चार दिवसांत सवय होते. मुले मात्र सगळे पाहत असतात. आपण तोंडाने काय शिकवतो त्यापेक्षा हे त्यांच्या जास्त लक्षात राहते, बरं का.

गोष्टीतली एक बारीकशी खूण मला फार आवडते. येशूने पाणी दिले नाही, आधी मागितले. देताना आपण वरच्या पायरीवर असतो, मागताना खाली उतरावे लागते. म्हणून, मैत्रिणींनो, आपल्या कामवाल्या बाईंच्या घरी बारसे-लग्न असेल तेव्हा आहेर देऊन दारातूनच परत फिरू नका. आत जाऊन बसा आणि म्हणा, "बाई, जरा प्यायला पाणी द्या हो!"