उंदराची उडी आणि दहावीचा पेपर



दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की रत्नागिरीत मेडिकलच्या काउंटरवर ‘स्मरणशक्तिवर्धक’ बाटल्यांची रांग लागते. हल्ली या बाटल्या शाळांतही पोहोचल्या आहेत. एका पालकसभेत (शाळेचे नाव घेत नाही) कंपनीचा प्रतिनिधीच बोलायला उभा राहिला. त्याने वाटलेल्या पत्रकावर चढता आलेख होता आणि खाली बारीक अक्षरांत ‘प्रयोगशाळेत सिद्ध’. प्रयोग कोणावर केला, असे विचारले तर ‘उंदरांवर, सर’ असे उत्तर आले, आणि तोवर पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी पर्स उघडल्याही होत्या. औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे गप्प बसवत नाही.

प्रयोग खोटे आहेत असे माझे म्हणणे नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील एच. के. सिंग आणि बी. एन. धवन यांनी १९८२ साली दाखवून दिले की ब्राह्मीचा, म्हणजे अशा बाटल्यांत बहुधा असणाऱ्या वनस्पतीचा, अर्क दिलेले उंदीर विजेचा झटका टाळायला लवकर शिकतात. काम चोख आहे. (बाजारात ब्राह्मी म्हणून अनेकदा मंडूकपर्णीही खपते, तो घोटाळा वेगळाच.) पण या जातीच्या चाचणीत नेमके होते काय, ते पालकांना कोणी सांगत नाही. पिंजऱ्याला दोन कप्पे, तळाला धातूच्या सळ्या. बझर वाजतो आणि काही सेकंदांनी सळ्यांतून वीज खेळते. पहिल्या काही फेऱ्यांत उंदीर चटका बसल्यावर पलीकडे पळतो. हळूहळू त्याला उमजते, आणि मग नुसता बझर ऐकूनच तो कप्पा बदलतो. मोजली जाते ती ही उडी. स्मरणशक्ती हा आपण त्या उडीवरून काढलेला तर्क.

हा तर्क किती जपून काढावा लागतो, याची उदाहरणे याच शास्त्रात आहेत. ॲम्फेटामाइन दिलेले उंदीरही अशा चाचणीत अनेकदा सरस ठरतात, कारण त्या औषधाने ते मुळातच जास्त हालचाल करतात. म्हणून दहावीच्या मुलाला कोणी ॲम्फेटामाइन देईल का? उलट टोकाला क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारांवरचे औषध. १९५३ साली फ्रान्समध्ये सिमोन कुर्व्हाझिए यांनी घंटा वाजताच दोरीवर चढून झटका चुकवायला शिकलेल्या उंदरांना ते दिले. उंदरांनी घंटेकडे लक्षच दिले नाही. पुढे याच धर्तीच्या चाचण्यांत दिसले की योग्य मात्रेत प्राणी इशाऱ्याला दाद देत नाही, पण प्रत्यक्ष झटका बसला की व्यवस्थित चढतो. म्हणजे पाय शाबूत आहेत, बदलली आहे ती धोक्याच्या इशाऱ्याची निकड. या निरीक्षणावर मनोविकारांवरील औषधे पारखण्याची एक कसोटीच उभी राहिली. आपल्या गावात १८८६ पासून मनोरुग्णालय आहे. अशा रुग्णालयांचे रूप ज्या औषधांनी पालटले, त्यांच्यामागे या उंदरांचा वाटा आहे. त्यांची साक्ष मोठीच आहे, फक्त ती सिरपच्या बाजूने वाकवू नये.

माणसांवरचे प्रयोगही झाले आहेत, पण ते वाचले तर विक्रेत्याचीच पंचाईत होते. ऑस्ट्रेलियात २००१ साली निरोगी प्रौढांना ब्राह्मीचा अर्क दिला गेला. पाच आठवड्यांनी आणि बारा आठवड्यांनी तपासणी झाली. लाभ ठळकपणे दिसला तो बारा आठवड्यांनी. परीक्षा पंधरा दिवसांवर आली असताना बाटली विकणाऱ्याने हे आधी सांगायला नको का? शिवाय ती प्रौढ माणसे होती, वाढत्या वयाची मुले नव्हेत.

औषध नियम, १९४५ मधील अनुसूची ‘जे’ पाहावी. जे बरे करण्याचा किंवा साधण्याचा दावा औषधाने करू नये, अशा गोष्टींच्या त्या यादीत मेंदूची क्षमता आणि स्मरणशक्ती वाढवणे हेही आहे. बाटलीवर ‘आहारपूरक’ असे छापले की विक्रेत्याला वाटते आपण या यादीतून सुटलो. त्याला तसे वाटू द्यायचे की नाही, हे अन्न व औषध प्रशासनाने ठरवावे.

दहावी-बारावीच्या निकालात कोकण मंडळ वर्षानुवर्षे राज्यात पहिले येते. त्याचे श्रेय सिरपला देणारा अजून तरी कोणी भेटलेला नाही. पुढच्या पत्रकात तेही छापून येईल.

जिल्ह्याच्या शिक्षण विभागाने शाळांना एवढेच लेखी कळवावे, की पालकसभेत कोणत्याही औषधाच्या किंवा ‘पूरका’च्या विक्री प्रतिनिधीला बोलू देऊ नये. आणि पालकांनी पैसे काढण्याआधी विचारावे: प्रयोग कोणावर झाला, किती दिवस चालला आणि मोजले काय?

– एक निवृत्त प्राध्यापक, रत्नागिरी