'फ्री' लिहिणं सोपं आहे, तपासणं हा धंदा आहे

कमी भांडवलाच्या धंद्यांवरच्या व्हिडिओत मी ऑनलाइन डिरेक्टरीचा विषय काढला होता. त्यातली एक कल्पना इथे जरा खोलात जाऊन बघू : एक्स-रे, सीटी, एमआरआय बघायच्या मोफत सॉफ्टवेअरची डिरेक्टरी.

माझं मत आधीच सांगतो. शंभर नावं गोळा करणं हा धंदा नाही. तपासलेली दहा नावं देणं, हा धंदा आहे.

गरज खरी आहे. पुण्यात छोटी स्कॅन सेंटर्स आणि दातांचे दवाखाने भरपूर. स्कॅनची फाइल बहुतेक वेळा 'डायकॉम' प्रकारची असते, ती साध्या फोटोसारखी उघडत नाही. वेगळा व्ह्यूअर लागतो. विकतचा प्रत्येकाला परवडतोच असं नाही. म्हणून लोक मोफत शोधतात आणि गोंधळतात. कारण मोफत-मोफतमध्येही फरक असतो.

'होरोस' मोफत आहे, पण फक्त मॅकवर चालतं. विंडोजवाल्या दवाखान्याला त्याचा उपयोग शून्य. 'मायक्रोडायकॉम' विंडोजवर चालतं, पण मोफत आहे ते बिगर-व्यावसायिक वापरासाठी. दवाखाना तर व्यवसायच झाला! बेल्जियममध्ये सुरू झालेलं 'ऑर्थँक' ओपन सोर्स आहे, पण तो सर्व्हर आहे. बसवायला आणि सांभाळायला जाणकार माणूस लागतो. 'थ्रीडी स्लायसर' फार ताकदीचं, तेही मोफत. पण बनवणारे स्वतःच सांगतात की ते संशोधनासाठी आहे, रुग्णांवरच्या उपचारासाठी त्याला मंजुरी नाही.

आता विचार करा. तुम्ही या चौघांपुढे नुसतं 'फ्री' लिहिलंत आणि एखाद्या डॉक्टरने तुमच्या भरवशावर त्यातल्या एकावर निदान केलं, तर? भारतात १ एप्रिल २०२० पासून निदानासाठी बनवलेलं सॉफ्टवेअरसुद्धा कायद्याने वैद्यकीय उपकरणात मोडतं. मोबाइल कव्हरच्या यादीत चूक झाली तर गिऱ्हाईक चिडेल. इथे रुग्णाचा प्रश्न आहे.

म्हणून प्रत्येक नावापुढे पाच रकाने हवेतच : कुठल्या कॉम्प्युटरवर चालतं, दवाखान्यात वापरायची परवानगी आहे का, निदानासाठी मंजुरी आहे का, शेवटचं अपडेट कधी आलं आणि तुम्ही स्वतः कुठल्या तारखेला तपासलं. तपासताना कुणा रुग्णाचा खरा स्कॅन वापरू नका. नाव-गाव काढलेल्या नमुना फाइल्स इंटरनेटवर मिळतात.

'इंग्रजीत अशा याद्या आहेत, मग आपली कोण बघणार?' असं वाटेल. पण सेंटरवरच्या मुलाला मराठीत, त्याच्या कॉम्प्युटरला लागू पडेल असं सांगणारं माणूस हवं असतं. ते काम तुमचं.

आणि पैसा? पैसे घेऊन कुणाचं नाव वर चढवू नका. एकदा चढवलंत की यादीवरचा विश्वास संपला. यादी फुकट ठेवा. कमाई सॉफ्टवेअर बसवून देण्यात, स्टाफला शिकवण्यात आणि वर्षाच्या देखभालीत करा.

या आठवड्याचा गृहपाठ : वरच्यापैकी कुठलीही तीन नावं घ्या आणि पाचही रकाने भरा. कंटाळा आला, तर हा धंदा तुमचा नाही. मजा आली, तर चौथं नाव शोधायला लागा.