सुजलेला हात कोणाच्या माथी?

ज्या स्वराज्यासाठी आष्टीने १६ ऑगस्ट १९४२ रोजी छातीवर गोळ्या झेलल्या, त्या स्वराज्यात गरिबाचा हात सलाईनच्या सुईने पिकू नये, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. सुईची जागा दर पाळीत पाहावी, नळीचा जोड स्पिरिटने पुसावा, पट्टीवर तारीख घालावी, गरज सरताच सुई काढावी. यात महागडे शास्त्र कोठले? लागतात त्या परिचारिका! भारतीय परिचर्या परिषदेचे मान सर्वसाधारण रुग्णालयात ५ रुग्णांमागे एकीचे. कंत्राटी भरतीविरुद्ध परिचारिकांनी मे २०२२ मध्ये संप केला. तरीही शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी संस्थांमार्फत भरतीचा निर्णय काढलाच, आणि ओरड होताच ऑक्टोबरात तो गिळला. हात सुजला की जाब मात्र पाळीवरच्या सिस्टरला! आष्टीच्या कार्यकर्त्यांनी तालुक्याच्या रुग्णालयात प्रथम मंजूर व भरलेल्या पदांचा तक्ता मागावा.